रांगायला लागल्यापासून बाळाची रात्रीची झोप मोडली आहे

वडगाव, बेळगाव येथील एका आईचे पत्र आले आहे. पत्र बरेच मोठे असल्यामुळे त्यातील मुख्य भाग देत आहे.

“माझा मुलगा साडेआठ महिन्यांचा आहे. बाळंतपण माहेरी, खानापूर तालुक्यात जांबोटीकडे झाले. तिथे असताना तो रात्री जेमतेम एकदा उठायचा. सातवा महिना सरताना आम्ही सासरी आलो आणि त्याच आठवड्यात तो रांगू लागला. आता रात्रीत तीन-चार वेळा उठतो. डोळे मिटलेलेच असतात, पण हातागुडघ्यांवर होऊन पुढे-मागे डुलतो आणि डोके भिंतीला लागले की रडतो. झोपेत हातपायही झटकतो. मला वाटते, गल्लीतल्या कापड विणण्याच्या मागांचा आवाज त्याला सहन होत नाही. सासूबाई म्हणतात, माहेरी सगळ्यांनी अंगावर झोपवून सवय बिघडवली. दिवसभर रांगून अंग दुखते म्हणून आता त्याला झोळीतच ठेव. दृष्टही रोज काढतात. शेजारच्या काकी जायफळ उगाळून द्यायला सांगतात. मामांनी चाकांचा वॉकर आणून ठेवला आहे, कारण नणंदेचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला होता. यजमानांना पहाटे उद्यमबागला पहिल्या पाळीला जायचे असते, त्यामुळे घरात सगळेच चिडलेले असतात. रांगण्यामुळे झोप मोडते असे शास्त्रज्ञ म्हणतात, असे मोबाईलवर वाचले. हे खरे आहे का? असे ते कशावरून ठरवतात? आणि पंधरा दिवस माहेरी जाऊन आले तर झोप सुधारेल का?”

प्रिय भगिनी,

तुम्ही वाचलेली गोष्ट खरी आहे आणि ती ज्या संशोधनावरून पसरली, त्याची माहिती तुमच्या घरातल्या वादासाठी उपयोगी पडण्यासारखी आहे. इस्रायलमधील हैफा विद्यापीठाच्या अनात शेर आणि त्यांच्या सहकारी दीना कोहेन यांनी 28 बाळांचा, ती चार-पाच महिन्यांची असल्यापासून अकरा महिन्यांची होईपर्यंत, दर दोन-तीन आठवड्यांनी मागोवा घेतला. बाळांना कुठल्या प्रयोगशाळेत नेऊन झोपवले नव्हते. ती आपापल्या घरी, नेहमीच्या जागीच झोपत होती आणि त्यांच्या अंगावर घड्याळासारखे एक लहान यंत्र बांधलेले असे, जे हालचालीवरून झोप आणि जाग यांची नोंद करत राहते. 2015 साली हे काम प्रसिद्ध झाले. ही बाळे सरासरी सातव्या महिन्यात रांगू लागली. त्याआधी ती रात्री साधारण दीड वेळा उठत होती, आणि रांगणे सुरू झाल्यावर हे प्रमाण दोनच्या जवळ गेले. झोपेतली चुळबुळ वाढली, एकदा जाग आल्यावर पुन्हा झोप लागायलाही अधिक वेळ लागू लागला, आणि सुमारे तीन महिन्यांत हे सारे पूर्वपदावर आले.

या सगळ्या बाळांनी काही रांगण्याच्याच आठवड्यात घर बदललेले नसणार. सगळ्यांच्याच गल्लीत कोणी नवे माग बसवले नसणार, सगळ्यांनाच कोणी आजोळाहून आणले नसणार, आणि तरीही रांगणे सुरू होताच त्यांची झोप मोडली. तुमच्या घरी घर बदलणे आणि रांगणे या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात आल्यामुळे तुम्ही मागांना दोष दिला आणि सासूबाईंनी माहेराला. माझ्या मते दोघींचाही नेम चुकला आहे. नव्या जागेचा थोडा परिणाम होतच असेल, परंतु वडगाव-खासबागेत मागांच्या खडखडाटात पिढ्यान्‌पिढ्या बाळे झोपत आली आहेत. एकसारख्या, संथ लयीच्या आवाजाची सवय बाळांना लवकर होते. मधेच दार आपटणे किंवा कोणी मोठ्याने हाक मारणे त्यांना अधिक त्रासाचे ठरते.

आकडे मात्र जसेच्या तसे आपल्या घराला लावू नयेत. एकतर बाळे अवघी 28 होती. दुसरे असे की आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत झोपते, जरा चुळबुळले की त्याला अंगावर घेतले जाते, आणि मग ती नुसती हालचाल होती की खरी जाग, हे कळायला वाव राहत नाही. तुमचे बाळ तीन-चार वेळा उठते असे तुम्ही लिहिले आहे. त्यातल्या किती वेळा ते स्वतः उठले आणि किती वेळा उचलल्यामुळे पूर्ण जागे झाले, हे चार रात्री नीट पाहावे. डोळे मिटून हातागुडघ्यांवर डुलणारे बाळ बहुतेक वेळा अर्धवट झोपेतच असते. लहान बाळाच्या झोपेचे एक आवर्तन पाऊण ते एका तासाचे असते आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप पातळ होते. पूर्वी अशा वेळी ते पडल्या पडल्या मान वळवून पुन्हा झोपत असे. आता त्याच क्षणी त्याचे शरीर नव्याने शिकलेली हालचाल करू लागते, ते चौपायी होते, आणि तिथून पुन्हा आडवे कसे व्हायचे हे त्याला अजून जमत नाही. त्याच्या रडण्याचे एक मोठे कारण बहुधा हेच असावे.

म्हणून माझी पहिली सूचना रात्रीसाठी नसून दिवसासाठी आहे. चौपायी अवस्थेतून बसणे आणि बसलेल्या अवस्थेतून पालथे होऊन आडवे पडणे, या दोन गोष्टींचा सराव दिवसा खेळता खेळता पुष्कळ करून घ्यावा. सोप्यात (घराच्या पुढच्या भागात) सतरंजी टाकून, त्याला पालथे ठेवून, खुळखुळा थोडा बाजूला धरला की ते आपोआप वळते आणि बसते. रात्री ते डुलू लागले तर लगेच उचलू नये. मिनिटभर थांबावे, दिवा लावू नये, मोबाईलचा उजेड तर नकोच, आणि स्वतःहून आडवे झाले नाही तर कमरेवर हात ठेवून हळूच कुशीवर वळवावे. खरोखर भुकेने उठले असेल तर दूध जरूर पाजावे. साडेआठ महिन्यांच्या बाळाने रात्री एकदोनदा पिणे हा काही दोष नव्हे. भिंतीला डोके लागते ही अडचण गादी भिंतीपासून हात-दोन हात दूर ओढून जमिनीवर घातली की सुटते. मात्र भिंत आणि गादी यांच्यामध्ये बाळ अडकेल अशी अरुंद फट राहू देऊ नये, आणि त्याच्याभोवती जाड रजई, उशा, सैल दुपटी यांचा ढीगही नसावा.

खाटेवर झोपवत असाल तर आता ते बंद करावे, आणि याचे कारणही संशोधनातूनच आले आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी बाळांना उतारांवर आणि खळग्यांच्या काठावर (अर्थात सांभाळायला माणूस शेजारी ठेवून) अनेक वर्षे तपासले आहे. बसण्यात तरबेज झालेले बाळ काठापलीकडे किती वाकावे हे अचूक ओळखते. तेच बाळ रांगायला लागले की काठाची सगळी समज हरवल्यासारखे सरळ पुढे जाते. रांगणाऱ्याला ती समज काही आठवड्यांनी येते आणि चालू लागले की पुन्हा नव्याने शिकावे लागते. म्हणजे ‘त्याला खाटेची कड कळते, मागच्या महिन्यात तो थांबत होता’ या अनुभवावर विसंबून राहता येत नाही.

आता झोळीविषयी. सासूबाईंच्या म्हणण्यात प्रेम आहे यात शंका नाही, आणि झोळीत बाळ शांत होते हेही खरे आहे. परंतु हातागुडघ्यांवर उठणारे बाळ साडीच्या झोळीतून उलटून पडू शकते, त्यामुळे या वयात तिचा उपयोग संपला असे समजावे. दुसरा मुद्दा अधिक मोलाचा आहे. बाळाला बांधून ठेवले तर कायमचे नुकसान होते का, या प्रश्नाकडे संशोधक बराच काळ लक्ष देऊन आहेत. ताजिकिस्तानात ‘गहवारा’ नावाच्या लाकडी पाळण्यात बाळांना हातपाय गुंडाळून, पट्ट्यांनी बांधून दिवसातला बराच वेळ ठेवतात. तिथली बाळे बसायला, रांगायला, चालायला पाश्चात्त्य बाळांपेक्षा उशिरा लागतात, पण पुढे चार-पाच वर्षांची झाली की धावण्या-उड्या मारण्यात मागे राहिलेली दिसत नाहीत. याउलट केनियातील किपसिगिस लोक बाळांना मुद्दाम बसवायला, चालवायला शिकवतात आणि ती बाळे त्या गोष्टी लवकर करतात, हे चार्ल्स सुपर यांनी 1976 साली दाखवले. आपल्याकडे बाळंतीणघरात रोज तेलाने अंग रगडून हातपाय ताणून देतात, तेही याच जातीचे आहे. यावरून एवढे म्हणता येते की दिवसा तासन्‌तास झोळीत ठेवल्याने तुमचे बाळ पंगू होणार नाही, पण त्याची जी कसरत दिवसा व्हायची ती होणार नाही, आणि नव्या हालचालीची ओढ मात्र तशीच राहील. रांगून अंग दुखते आणि म्हणून झोप मोडते, याला कुठलाही आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या सूचनांमध्ये बाळाला एका वेळी तासाभराहून अधिक जखडून ठेवू नये असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच सूचनांनुसार चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दुपारच्या झोपा धरून दिवसरात्रीत 12 ते 16 तास झोप लागते. तुमच्या बाळाची बेरीज यात बसत असेल, तर तुटक झोपेमुळे त्याच्यापेक्षा तुम्हीच अधिक दमला आहात असे म्हणायला हरकत नाही.

रात्री झोपावे म्हणून दुपारची झोप तोडण्याचा मोह अनेक घरांत होतो. तसे करू नये. न्यूयॉर्कमधील सारा बर्गर आणि वर उल्लेख केलेल्या अनात शेर यांनी 2017 साली नुकत्याच चालू लागलेल्या बाळांना एका बोगद्यातून पलीकडे जाण्याचे कोडे घातले. चालत आलेल्या बाळाला तिथे वाकून, रांगत जायचे सुचावे लागते. शिकवल्यानंतर ज्या बाळांना डुलकी घेऊ दिली, ती पुढच्या खेपेला न झोपलेल्या बाळांपेक्षा सरस ठरली. दिवसा जे शिकले ते मुरायला झोप लागते. त्यामुळे सकाळी सोप्यात भरपूर रांगून झाले की पाठोपाठ येणारी डुलकी ही त्याच शिक्षणाचा भाग मानावी.

झोपेत हातपाय झटकणे हा तुमच्या पत्रातला मला सर्वांत रोचक वाटलेला भाग आहे. आपल्याकडे बाळ झोपेत हसले तर सटवाई हसवते आणि दचकले तर तीच घाबरवते, असे म्हणतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात मार्क ब्लुमबर्ग यांनी याच झटक्यांचा अभ्यास उंदराच्या पिलांपासून सुरू केला आणि पुढे त्यांच्या गटाने मानवी बाळांकडेही लक्ष वळवले. नवजात बाळाच्या झोपेचा जवळजवळ अर्धा भाग सक्रिय झोपेचा असतो. त्यात डोळे पापण्यांआड फिरतात आणि बोटे, मनगटे, ओठ, पाय सूक्ष्मपणे उडत राहतात. पूर्वी याला स्वप्नांचा उरलासुरला परिणाम समजत. ब्लुमबर्ग यांचे म्हणणे असे की हे झटके मेंदूसाठी उपयोगाचे आहेत: एखादा अवयव एकटाच हलतो, त्या हालचालीची जाणीव मेंदूकडे परत जाते, आणि कुठल्या स्नायूने काय हलते याचा नकाशा मेंदू तयार करत जातो. जागेपणी सगळे अंग एकदम हलत असल्यामुळे हे वेगळे करणे अवघड असते. त्यामुळे झटके दिसले म्हणून बाळाला उठवू नये. सासूबाईंना दृष्ट काढल्याने समाधान वाटत असेल तर त्या प्रथेशी माझे भांडण नाही. फक्त मोहऱ्या-मिरच्यांचा धूर बाळाच्या खोलीत होऊ देऊ नये आणि झोपलेले बाळ त्यासाठी उचलू नये.

एक गोष्ट मात्र निराळी आहे आणि ती घरातल्या सर्वांनी ओळखून ठेवावी. झोपेतले निरुपद्रवी झटके बाळ जागे होताच थांबतात. जागेपणी, विशेषतः झोपेतून उठल्या उठल्या, बाळ वारंवार एकदम पुढे वाकत असेल, हात फाकून आखडत असेल आणि असे झटके थोड्या थोड्या अंतराने ओळीने येत असतील, किंवा डोळे एका बाजूला फिरून ओढल्यासारखे होत असतील, तर मोबाईलवर चित्रीकरण करून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. तुमच्या पत्रातील वर्णन तसे नाही, तरीही लिहून ठेवणे आवश्यक वाटले.

जायफळाविषयी थोडक्यात आणि ठामपणे सांगते: देऊ नये. जायफळाने येणारी गुंगी ही झोप नव्हे, आणि उगाळताना किती पोटात गेले हे कोणालाच सांगता येत नाही. सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे औषध झोपेसाठी देणे तर याहून धोक्याचे आहे, आणि गुटीत मध घालणे पहिल्या वर्षात पूर्णपणे वर्ज्य आहे. काकींना दुखवायचे नसेल तर डॉक्टरांनी मनाई केली आहे असे खुशाल सांगावे.

मामांचा वॉकर आल्या वाटेने परत पाठवता आला तर उत्तम. त्यात बसवलेले बाळ स्वतःचा तोल सांभाळायला शिकत नाही, पाय दिसत नसल्यामुळे त्यांची जाणही कमी होते, आणि उंबरा किंवा पायरी आली की वॉकरसकट कोसळते. कॅनडाने 2004 साली अशा वॉकरवर संपूर्ण बंदी घातली. बाळ उभे राहू लागल्यावर आपला लाकडी पांगुळगाडा त्याहून कितीतरी बरा, कारण तो ढकलताना बाळाला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते, मात्र तेव्हाही कोणीतरी शेजारी हवे.

नणंदेच्या मुलाशी तुलना करून कोणी टोचत असेल तर त्यांना पुढील माहिती द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील 816 निरोगी मुलांवरून बसणे, रांगणे, चालणे यांच्या वयाच्या मर्यादा प्रसिद्ध केल्या. आधाराशिवाय बसणे 3.8 ते 9.2 महिने, हातागुडघ्यांवर रांगणे 5.2 ते 13.5 महिने, एकट्याने चालणे 8.2 ते 17.6 महिने. म्हणजे दहाव्या महिन्यात चाललेले मूल आणि सतराव्या महिन्यात चाललेले मूल, दोघेही निरोगीच. त्यांतील सुमारे चार टक्के मुले तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तुमचे बाळ सातव्या महिन्याच्या शेवटी रांगू लागले, तेव्हा त्याच्याबद्दल काळजीचे कारण मला दिसत नाही. नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय न बसणारे, दीड वर्षानंतरही न चालणारे, वर्षाच्या आतच एकच हात वापरणारे किंवा आलेली गोष्ट विसरत चाललेले बाळ असेल तर मात्र वाट न पाहता तपासून घ्यावे.

सासूबाईंना हे सगळे परदेशातले वाटत असेल तर त्यांना घरच्या अंगणातलेही एक उदाहरण सांगता येईल. जन्मतः श्वास गुदमरलेल्या बाळांना पालकांनी घरीच रोज खेळवण्याचा, हालचालींना आणि बोलण्याला उत्तेजन देण्याचा काय उपयोग होतो, हे तपासणारा एक मोठा अभ्यास भारत, पाकिस्तान आणि झांबिया येथील ग्रामीण भागांत झाला, आणि त्यातील भारताचे केंद्र आपल्या बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय होते. दर दोन आठवड्यांनी प्रशिक्षित व्यक्ती घरी येऊन आईवडिलांना पुढचे खेळ शिकवीत असे. तिसऱ्या वर्षी या मुलांची बौद्धिक आणि हालचालींची वाढ, केवळ आरोग्याचा सल्ला मिळालेल्या मुलांपेक्षा पुढे गेलेली दिसली. तुमच्या बाळाला असा कुठलाही त्रास झालेला नाही. पण आईवडिलांनी जमिनीवर बसून खेळण्याला किती वजन आहे, हे यावरून त्यांच्या लक्षात यावे.

झोपेची आणखी एक बाजू रक्ताची आहे. लोह कमी असलेली बाळे अस्वस्थ झोपतात आणि हालचालींतही मागे पडतात. सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा द्यायचे लोहाचे पातळ औषध आशाताईंकडे मिळते. ते तुमच्या बाळाला सुरू आहे का, हे पत्रात आलेले नाही. माहेराहून सासरी आल्यावर दोन्हीकडच्या आशाताईंना दुसरीने दिले असेल असे वाटते आणि औषध राहून जाते. तायी कार्डावरची (कर्नाटकात आई-बाळाच्या आरोग्याच्या नोंदींसाठी मिळणाऱ्या कार्डावरची) नोंद कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल, तर संकोच न करता अंगणवाडीत वाचून घ्यावी. नाचणीची पेज किंवा खीर, मऊ वरणभात, पालेभाजी हे दिवसा द्यावे. रात्री पोट गच्च भरले की बाळ उठत नाही, ही समजूत खरी ठरत नाही.

यजमानांच्या झोपेचा प्रश्न खरा आहे. पहिल्या पाळीच्या दिवशी त्यांनी दुसऱ्या खोलीत झोपावे, आणि ज्या दिवशी सुट्टी असेल त्या पहाटे पाच वाजल्यापासून बाळ त्यांच्याकडे देऊन तुम्ही झोपावे. सासूबाईंनाही एक काम नेमून द्यावे: सकाळी सोप्यात बसून बाळाचे रांगणे पाहण्याचे. झोळी काढून घेतली म्हणून त्यांचे बाळाजवळचे स्थानही काढून घेतले, असे त्यांना वाटता कामा नये.

माहेरी जायचे असेल तर जरूर जावे, पण तुम्हाला विश्रांती मिळावी म्हणून जावे. बाळ तिथेही रात्री उठेल, आणि पंधरा दिवसांत न सुधारता परत आल्यावर घरात नवा वाद नको, म्हणून हे निघण्याआधीच सासूबाईंना सांगून ठेवावे. तिथेही गादी जमिनीवरच घालावी आणि उंबऱ्याला व मागच्या पडवीच्या पायऱ्यांना फळी लावून घ्यावी. नववा महिना पूर्ण झाला की गोवर-रुबेलाच्या लसीचा पहिला डोस येतो. तो माहेरच्या उपकेंद्रातही मिळतो, त्यामुळे तायी कार्ड पिशवीत सर्वांत आधी घालावे.